उकळते दोन ग्लास

आई असेपर्यंत हे सांगता येत नव्हतं. ती गेल्या थंडीत गेली. ज्याच्याबद्दल सांगायचंय तो माणूस आत्ता दाराशी, ऊन येतं तिथे, खुर्चीवर बसलाय आणि "चहा झाला का गं?" असं तिसऱ्यांदा विचारतोय. दोन्ही हात मनगटापासून नाहीत. डोळे नाहीत. आवाज मात्र अजून असा की शेजारचं कुत्रं उठून बसतं. हा माझा बाप.

बाप दगडखाणीत सुरुंगवाला होता. ड्रिलवाल्याने कातळात भोकं पाडायची, बापाने त्यांत दारूचा मसाला ठासायचा, वाती लावायच्या, शिट्टी फुंकायची, आणि सगळे पत्र्याच्या शेडमागे पळाले की कातळ उडवायचा. एका भोकाला एक बार म्हणायचे. तीस वर्षं त्याने हेच केलं आणि डोंगराची एक अख्खी बाजू खाऊन टाकली. खाणीत त्याला तोंडावर 'उस्ताद' म्हणत आणि पाठीमागे 'उकळ्या'. नाव चहावरून पडलं होतं, पण स्वभावालाही फिट्ट बसत होतं.

शेडमध्ये चहा आम्ही मायलेकी करायचो. चाळीस माणसांचा एक टोप, आणि बापाचं पातेलं वेगळं. त्याला दूध नावापुरतं, पत्ती दुप्पट, साखर ढीगभर. आलं चालायचं नाही. वेलची घातली तर म्हणायचा, "चहा मागितला होता, अत्तर नाही." ग्लास जाड काचेचा, काठोकाठ भरलेला. पातेल्यात बुडबुडे फुटत असताना थेट ग्लासात ओतायचा आणि ग्लास थेट त्याच्या हातात. फुंकर मारणं त्याला कमीपणाचं वाटायचं. बशीत ओतून पिणाऱ्यांना तो मांजरं म्हणायचा. एका ट्रकवाल्याने एकदा बापाच्या देखत चहात गार पाणी घातलं, तर बापाने त्याला विचारलं, "दात आहेत ना?" तो हसून हो म्हणाला, आणि त्यातला एक लगेच कमी झाला. कारण काय, तर काहीच नाही. बापाला ते बघवलं नाही.

आईला तो मारायचा. हे आडून आडून सांगण्यासारखं नाही, म्हणून सरळ सांगते. चहावर साय धरली, मारलं. ग्लास पुरता भरला नाही, मारलं. कधी हाताने, कधी पायातली वहाण काढून. घरातल्या भिंतीवर चहाचे तपकिरी ओघळ होते. आई ते पुसायची आणि ते पुन्हा यायचे. शेवटी तिने पुसणं सोडलं.

मी गप्प बसणाऱ्यांतली नव्हे. राग मला त्याच्याकडूनच आलाय, अगदी नाकासकट. लग्न झाल्यावर नवऱ्याने एकदाच हात उगारला. मी तवा घातला. त्याचं मनगट मोडलं आणि माझा संसार, आणि मी बोचकं घेऊन परत आले. बापाने दारातच विचारलं, "तवा गरम होता?" मी म्हटलं, "गार." तो म्हणाला, "मग कसला तवा." आणि आत घेतलं. असा माणूस. त्याचा द्वेष करायला बसलं तर मध्येच हसू यायचं, आणि हसायला लागलं की आईचा सुजलेला गाल दिसायचा.

आता त्याच्या दोन ग्लासांचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. सुरुंगाच्या कामात खरी भीती उडालेल्या बारची नसते. न उडालेल्याची असते. सात वाती पेटवल्या आणि सहाच आवाज आले, तर सातवा मेलाय की आत धुमसतोय हे बाहेरून कळत नाही. त्याला फुसका म्हणतात. नियम असा की अर्धा तास कोणी जागेवरून हलायचं नाही, आणि मग ज्याने वात लावली त्याने जाऊन बघायचं. बापाकडे घड्याळ नव्हतं. धक्क्यांनी घड्याळं टिकत नसत, आणि टिकली असती तरी त्याचा त्यावर विश्वास नव्हता. ज्याच्या हाताखाली तो शिकला त्या म्हाताऱ्याने त्याला सांगितलं होतं, "काट्याकडे बघत बसलास की पाय शिवशिवतात. दोन ग्लास उकळता चहा घे, एकामागून एक, सावकाश. तोंड भाजत असलं की माणूस जागचा उठत नाही." उकळत्या चहाला घाई करता येत नाही. दोन ग्लास संपले की अर्धा तास झालेलाच असतो. बापाने वर्षानुवर्षं फुसके बार असेच काढले आणि नखाला इजा झाली नाही. त्याचा चहा उकळता का, याचं मूळ तिथे होतं. पुढे ती सवय घरात आली आणि आईच्या अंगावर सांडत राहिली.

एका सकाळी शेडमध्ये आईला उशीर झाला. चहावर साय धरली होती. बापाने बोटाने साय उचलून बघितली आणि भरलेला ग्लास तिच्यावर फेकला. मानेपासून खांद्यापर्यंत कातडी लाल झाली आणि बघता बघता फोड आले. आई ओरडली नाही. ती नळाखाली जाऊन बसली.

मामा, आईचा धाकटा भाऊ, त्याच खाणीत ड्रिलवाला होता. भोकं तो पाडायचा. त्याला कोणीतरी सांगितलं. तो ड्रिल टाकून आला, दगडाच्या भुकटीने पांढराफटक झालेला, आणि म्हणाला, "दाजी, बाहेर या."

बाप बाहेर गेला. मामाने पहिलाच ठोसा नाकावर मारला. बापाने त्याला कमरेला धरून खडीच्या ढिगावर आपटलं. दोघं लोळत खाली आले. मामाने त्याचं डोकं धरून दगडावर दोनदा आदळलं. बापाने मामाच्या मनगटाचा लचका तोडला आणि मांस थुंकलं. चाळीस माणसं बघत होती. कोणी मध्ये पडलं नाही, कारण दोघांपैकी कोणाच्याही मध्ये पडणं म्हणजे तिसरा मार खाणं. शेवटी दोघांचाही दम संपला. ते रक्ताने माखून एकाच दगडावर बसले, आणि बाप माझ्या आईला म्हणाला, "चहा टाक. ह्यालाही दे."

आणि तिने टाकला! मानेवर ओलं फडकं धरून टाकला. मामाही प्यायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हाच ठरवलं, हा माणूस मारून सुधारणार नाही. त्याच्या हातातलं हत्यारच बोथट करायचं.

शेडच्या एका कोपऱ्यात पोत्यांचा पडदा होता, मागे भांडी. आई पातेलं उतरवायची आणि त्याचा ग्लास भरून नेणं माझ्याकडे होतं. मी पडद्यामागे जाऊन चहा या भांड्यातून त्या भांड्यात ओतायचे, पहिल्या दिवशी दोनदा, आठवड्याने चारदा, महिन्याने दहादा. ग्लास मात्र आधी उकळत्या पाण्यात बुडवून ठेवायचे, म्हणजे बोटांना चटका बसावा. थंडीचे दिवस होते, कोमट चहालाही भरपूर वाफ. तीस वर्षं उकळतं पिऊन त्याची जीभ चामड्यासारखी झाली होती, तिला काय कळणार. ग्लास हातात घेऊन तो वाफेकडे बघायचा आणि प्यायचा.

एकदा त्याने तो माझ्यावर फेकला. कुठल्या कारणाने ते आठवत नाही. छातीवर भचकन बसला, आणि नुसता ऊबदार! मी तरी बोंबलले, जमिनीवर बसले, हातपाय झाडले. आई धावत आली. पडद्यामागे गेल्यावर मी तोंडात पदर कोंबून हसले. दोन महिने हे चाललं. आईच्या अंगावर त्या दोन महिन्यांत एक नवा डाग उठला नाही. इतकी हुशार मी.

त्या दिवशी सात भोकं होती. शिट्टी झाली, आम्ही शेडमागे बसलो. आवाज मोजायची सगळ्यांनाच सवय होती. सहा झाले. मग काहीच नाही. खडे घरंगळायचे थांबले, धूळ खाली बसली, आणि मामा हळूच म्हणाला, "सहाच."

बापाने हात वर केला. सगळे जागच्या जागी. तो आमच्याकडे पाठ करून त्याच्या दगडावर बसला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "दोन ग्लास."

मी पडद्यामागे गेले. तुम्ही विचाराल, तेव्हा आठवलं नाही का? नाही आठवलं. हे मी हजार वेळा स्वतःला विचारलंय, शिव्या घालून विचारलंय. हाताला सवय झाली होती. या भांड्यातून त्या भांड्यात, दहा वेळा. ग्लास उकळत्या पाण्यात. भरला, दिला. तो फुर्र फुर्र करत प्यायला. दुसरा भरला, दिला. तोही प्यायला. ग्लास माझ्या हातात देताना म्हणाला, "आज चहा झालाय बरा." जन्मात पहिल्यांदा. जिभेला चव लागली असेल बिचाऱ्याच्या.

तो उठला. मामाने विचारलं, "दाजी, झाले का दोन?"

"झाले."

"मग मी पण येतो. भोक तिरकं गेलंय, मी दाखवतो."

"वात लावणाऱ्याने जायचं. तू बस."

"भोक माझं आहे," मामा म्हणाला, आणि मागोमाग गेला. मनगटावरचा चावा अजून पुरता भरला नव्हता. दोघं काहीतरी बोलत चालले होते, मामा हसला. मी ग्लास विसळत होते.

आवाज आला तेव्हा ग्लास माझ्या हातातच होता. पत्रा फाटला, आमच्यावर खडे पडले. धुरातून आई पळत सुटली आणि तिच्यामागे मी. बाप भोकापासून वीस पावलांवर पालथा पडला होता, दोन्ही हात पुढे, आणि त्या हातांना पुढे काही नव्हतं. चेहरा म्हणजे रक्त आणि भुकटी कालवलेला गोळा. तो किंचाळत होता, म्हणजे जिवंत होता. आई त्याला ओलांडून पुढे गेली. पुढे मामा होता, आणि तो एका जागी नव्हता. आईने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि आमच्यापैकी कोणालाही जवळ येऊ दिलं नाही. मी गेले तर तिने दगड उचलला.

चौकशीला एक साहेब आले. बाप इस्पितळात होता, डोक्यापासून पट्ट्या. साहेबांनी विचारलं, "किती वेळ थांबलात?" बाप म्हणाला, "दोन ग्लास." साहेबांनी वहीतून डोकं वर काढलं. त्यांना समजावून सांगावं लागलं, आणि समजल्यावर ते हसले. मग क्रेनवाल्याला बोलावलं. त्याच्याकडे घड्याळ होतं. तो म्हणाला, बाप पंधराव्या मिनिटाला उठला, बार सतराव्याला उडाला. साहेब मला म्हणाले, "दोन ग्लास चहा तू दिलास?"

"दिला."

"उकळता?"

आई शेजारी बसली होती. तिच्या मानेवर डाग होता. पट्ट्यांच्या आतून बाप माझ्या आवाजाकडे कान लावून होता.

"उकळता," मी म्हटलं.

मग काय राहिलं? उकळता चहा पंधरा मिनिटांत दोन ग्लास कोणी पिऊ शकत नाही. साहेबांनी लिहिलं की सुरुंगवाल्याने घाई केली, नियम मोडला, त्यात एक माणूस गेला. खाणीतली चाळीसही माणसं तेच म्हणायला लागली.

बाप घरी आला आणि पुढची तीन वर्षं त्याने एकच वाक्य धरून ठेवलं. कोणी आलं, गेलं, नुसतं दारावरून पाऊल वाजलं, तरी हा आतून ओरडायचा, "दोन ग्लास प्यालो होतो! पूर्ण!" तिसऱ्या वर्षी मामी एकदा आली आणि त्याच्या तोंडावर थुंकली. तो थुंकी पुसूही शकत नव्हता. त्याने मनगटाचं थोटूक भिंतीवर आपटायला सुरुवात केली, "दोन ग्लास! दोन ग्लास!" भरलेली जखम पुन्हा फुटली, भिंतीवर चहाच्या ओघळांशेजारी रक्ताचे ओघळ आले, आणि तो थांबेना. मामी घाबरून निघून गेली.

अख्ख्या जगात एका माणसाचा त्याच्यावर विश्वास होता. आईचा. ती म्हणायची, "मारकुटे आहेत, पण खोटं बोलत नाहीत." तेवढ्या एका गोष्टीवर तिने त्याला सांभाळलं. तो थांबला होता, नियमाने थांबला होता, म्हणजे तिचा भाऊ नशिबाने गेला, नवऱ्याने मारला नाही. रोज सकाळी ती त्याच्यासमोर बसायची आणि त्याच्या आवडीचा, उकळता, घोट घोट चहा त्याला पाजायची. ज्याने तिला भाजलं त्याच्या ओठांना ग्लास लावताना ती कडेला सांडलेला थेंबसुद्धा टिपायची.

मला ते बघवेना. मामी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी, दुपारी, आई बाजारात गेलेली बघून मी बापासमोर बसले आणि सगळं सांगितलं. पडदा, दोन भांडी, दहा वेळा ओतणं, उकळत्या पाण्यातला ग्लास, साहेबांपुढे बोललेलं खोटं. सगळं.

आधी त्याने लाथ मारली. पाय धडधाकट होते. पोटात बसली, मी मागे पडले, माझं डोकं पेटीच्या कोपऱ्यावर आपटलं. उठून मी त्याच्या कानाखाली वाजवली. हो, आंधळ्या, हात नसलेल्या बापाच्या. दुसरीही दिली. त्याने मुंडी खाली घालून मला धडक मारली, आम्ही दोघं खुर्चीसकट खाली आलो, आणि तो माझ्या खांद्याला दात लावून तसाच राहिला. चावला नाही. नुसता दात लावून श्वास घेत राहिला.

मग खांदा सोडून म्हणाला, "किती दिवस करत होतीस?"

"दोन महिने."

"आणि मला कळलं नाही." मग, "कशासाठी?"

"आईच्या मानेसाठी."

मी त्याला उचलून खुर्चीवर बसवलं. माझ्या केसांतून रक्त येत होतं. आईची चाहूल लागली तसा तो घाईने म्हणाला, "तिला सांगू नकोस. तिला तुझ्याशिवाय दुसरं कोण आहे."

मला वाटलं, संपलं. आता तो तेच वाक्य ओरडत राहील, मी ऐकत राहीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चहा घेऊन त्याच्यासमोर बसली. ग्लास मीच भरला होता. तिने ओठांना लावला तर त्याने तोंड फिरवलं.

"ऐक," तो म्हणाला. "मी दोन नाही प्यालो. एकच घेतला. दुसरा मातीत ओतला. कंटाळा आला होता बसून. मी घाई केली."

आई काही समजल्यासारखी दिसली नाही. तिने विचारलं, "काय म्हणालात?"

"तुझा भाऊ माझ्यामुळे गेला."

तिने अख्खा ग्लास त्याच्या तोंडावर मारला. चहा मारला, मग ग्लास. ग्लास कपाळावर फुटला. मग ती उठली आणि जे हाताला लागलं त्याने मारत सुटली: पातेल्याने, पकडीने, पातेल्यातल्या उरलेल्या चहाने. आयुष्यभराचं, मोजून न ठेवलेलं, सगळं एकदम बाहेर आलं. गाल भाजून सोलला, भुवईतून रक्ताची धार लागली. त्याने मान वळवली नाही, पाय उचलले नाहीत. एवढंच म्हणत राहिला, "बरोबर आहे. बरोबर आहे."

मी दारात उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. 'आई, थांब, मी गार केला होता.' एवढंच. त्याने गप्प राहायला सांगितलं होतं म्हणून मी गप्प राहिले असं म्हणता येईल, आणि लोकांना ते पटेलही. खरं असं की मी भ्याले. पातेलं तिच्या हातात होतं, आणि तिच्याकडे माझ्याशिवाय कोणी उरलेलं नव्हतं.

त्यानंतर आई सहा वर्षं जगली. त्याचे कपडे धुतले, त्याचं जेवण रांधलं, पण त्याच्याशी एक शब्द बोलली नाही आणि त्याला पुन्हा चहा पाजला नाही. त्याने तिला मारलेलं यातून फिटलं, असं कोणी मला सांगू नये. मी तिची मान बघितलीय. पण माझ्यासाठी त्याने जवळची एकच शाबूत वस्तू देऊन टाकली, त्याचा शब्द, आणि ते ओझं मी उचलायचं होतं.

आई गेल्यावर मी त्याला विचारलं, "बाबा, आता सांगू का सगळ्यांना? मामीला तरी?"

तो म्हणाला, "चहा टाक."

चहा आता मीच पाजते. तो अजून फुंकर मारू देत नाही. पातेल्यातून थेट ग्लासात, ग्लासातून थेट ओठाला. घोट घेतो, तोंड उघडून वाफ सोडतो, पुन्हा घोट घेतो. एक संपला की दुसरा मागतो. भिंतीवर मी एक घड्याळ आणून लावलंय. त्याला ते दिसत नाही, टिकटिक ऐकू येत असेल, पण कशाला लावलंस असं त्याने कधी विचारलं नाही. उकळत्या दोन ग्लासांना त्याला चौतीस मिनिटं लागतात. रोज.